आईनं घासलेलं घर

सरांनी पाण्याचा ग्लास घेतला आणि तसाच टेबलावर ठेवला. मग स्वतःच्या बॅगेतून बाटली काढली, दोन घोट प्यायले. ग्लास आईनं दिला होता.

त्याआधी त्यांनी विचारलं होतं, "मूळ गाव कुठलं, मावशी?"

आईनं सांगितलं.

"गावात कुठं?"

आईनं वस्तीचं नाव सांगितलं. सरळ. नगरपालिकेत झाडू मारून मुलीला शिकवलं, हेही सांगितलं. सरांचा चेहरा बदलला नाही. फक्त बाटली निघाली.

मी पाहिलं. ग्लास उचलून आत नेला.

सर आमच्या ऑफिसातले सिनियर. पुण्याचे. जपानमध्ये इतकी वर्षं काढलेली की त्यांची जपानी ऐकून जपानीही चकित होतात. मी सॉफ्टवेअर टेस्टर. कॉलेजात असताना मी गावाच्या नावावरून नवं आडनाव लावून घेतलं होतं. ऑफिसात तेच चालायचं. त्यामुळे आजवर कुणी वस्ती विचारली नव्हती.

टोकियोजवळच्या इचिकावात मी भाड्यानं राहत होते ते घर प्रीफॅब. भिंती कारखान्यात बनलेल्या, ट्रकवर आणून इथं जोडलेल्या. मालक म्हातारे झाले, विकायला निघाले, आधी मला विचारलं. कर्ज द्यायचं तर बँकेचा माणूस घर तपासून किंमत ठरवणार होता. तो शनिवारी येणार, सर दुभाषी म्हणून बसणार. गुरुवारी ते घराची तयारी बघायला आले होते.

तयारी आईनं केली होती. तीन महिन्यांच्या व्हिसावर मुलीकडे आराम करायला आलेली माझी आई. बाथरूमची बुरशी तिनं जुन्या ब्रशनं खरवडली. बाहेरच्या भिंती बादल्या भरभरून धुतल्या. स्वयंपाकघरात जमिनीला एक झाकण आहे, त्याखाली घराचा पाया. तिथं रांगत शिरून तिनं जाळी-धूळ काढली. मी म्हणाले, "आई, राहू दे." म्हणाले, पण लॅपटॉपवरून उठले नाही.

निघताना बूट घालत सर म्हणाले, "हे बघ, राग मानू नकोस. शनिवारी आईंना जरा बाहेर पाठव. त्यांचं ते खाली बसणं, बोलणं. घर घेणारी माणसं कशी आहेत तेही बघतात हे लोक."

मी म्हणाले, "बरं, सर."

दोन शब्द. कुणी गळा धरला नव्हता.

शनिवारी सकाळी आईला म्हणाले, "समोरच्या बागेत बसतेस का थोडा वेळ?" तिनं काही विचारलं नाही. स्वेटर घातला, मफलर गुंडाळला, गेली. थंडी होती.

बँकेचा माणूस आला. तरुण, नम्र. भिंती ठोकून पाहिल्या, दारं उघडझाप केली. मग झाकण उघडून टॉर्च घेऊन खाली उतरला. बऱ्याच वेळानं वर आला आणि म्हणाला, "इतका स्वच्छ पाया सहसा दिसत नाही. कोणी साफ केला?"

सर हसून म्हणाले, "कंपनी बोलावली होती."

एवढी जपानी मला येत होती.

आईला घराबाहेर मी काढलं होतं. आता तिच्या हातांचं कामही सर काढून घेत होते, आणि तेही माझ्याच घरात बसून.

मी मोडक्या जपानीत म्हणाले, "कंपनी नाही. माझ्या आईनं केलं. ती बाहेर थंडीत बसलीय. मी बसवलंय."

सर मराठीत म्हणाले, "वेडी आहेस का? कर्ज जाईल."

"जाऊ दे. आणि सर, माझ्या आईच्या हातचं पाणी चालत नसेल, तर तुमची जपानीही नको मला."

ते बॅग उचलून गेले. बँकेचा माणूस काही न समजून उभा होता. त्याला थांबायला सांगून मी बागेत पळाले.

आई बाकावर, हात काखेत घालून.

"गेला का साहेब?"

"नाही. तू चल."

"मग कशाला नेतीस? कर्ज भेटायचं नाही तुला." उठताना ती म्हणाली, "त्या दिशी मी दाराआडच होते. तू बरं म्हणालीस ते ऐकलं मी."

म्हणजे दोन दिवस तिला माहीत होतं. ऐकूनही त्या रात्री तिनं भाकरी करून वाढली. सकाळी उठून पुन्हा खिडक्या पुसल्या.

मी तिचे पाय धरायला वाकले. तिनं माझे हात झटकले. "इथं रस्त्यात नको."

मी तिला घेऊन आत आले, बँकेच्या माणसानं उरलेली तपासणी तिच्यासमोरच केली. कर्ज मिळालं. घर माझं झालं. सर ऑफिसात आता काम असेल तेवढंच बोलतात. आई गावी परत गेली. तिनं मला माफ केलं का, मी विचारलेलं नाही. विचारायचा हक्क नाही.

लोकांना मी सरांना नाही म्हटल्याचं सांगत नाही. त्याआधी बरं म्हटलं, ते सांगते. जुनं आडनाव परत लावायचे कागद भरलेत. ऑफिसात कुजबुज होईल. होऊ दे. यापुढे ज्या दारातून माझी आई आत येणार नाही, त्या दारात मी पाय ठेवणार नाही. मग ते दार माझ्या मालकीचं का असेना.