डाळ न शिजणारं पाणी

गडचिरोलीपासून तासाभरावरच्या आमच्या गावात बचत गटाला शोभेच्या माशांच्या सहा काचेच्या टाक्या मिळाल्या. योजनेचे साहेब बजावून गेले, पाणी फक्त नव्या बोअरचं भरायचं. ते तपासलेलं आहे, पिण्याला उत्तम. आम्ही दहाही बायांनी माना डोलावल्या. त्याचा राग मला अजून येतो, आणि तो आधी माझाच येतो.

एंजल माशाची मादी कौलाच्या तुकड्यावर अंडी चिकटवायची. नर-मादी दोघं पंख हलवत राखण करायची. दुसऱ्या दिवशी अंडी पांढरी पडायची, मग कुजायची. पावसाळा गेला, दिवाळी गेली, पिल्लू एक नाही. साहेब म्हणाले, तुम्ही टाकी घाण ठेवता. स्वतः कधी टाकीला बोट लावलं नाही, पण दोष आमचा, हे त्यांना पक्कं ठाऊक! होळीपर्यंत पिल्लं दिसली नाहीत तर टाक्या दुसऱ्या गावाला देऊ, असं सांगून गेले.

गटातली सगळ्यात म्हातारी बाई जन्मभर तलावात मासे धरलेली. एका दुपारी ती म्हणाली, "ज्या पान्यात तुरीची डाळ शिजत नाई, त्यात अंडं काऊन फुटन?"

मी कपाळावर हात मारला. बोअरचं पाणी जड आहे, हे गावातली कुठलीही बाई सांगेल. डाळीपुरतं पाणी आम्ही तलावाखालच्या जुन्या विहिरीवरूनच आणतो. तरी साहेबांच्या कागदापुढे माझी अक्कल चरायला गेली होती.

एका टाकीतलं पाणी आम्ही रोज थोडं थोडं काढून त्या जागी विहिरीचं भरलं. पुढची अंडी पांढरी पडली नाहीत. तिसऱ्या दिवशी पापणीच्या केसाएवढी पिल्लं कौलावर वळवळत होती. गटातल्या बाया आळीपाळीनं येऊन पाहून जात होत्या.

होळीला आठ दिवस असतानाच साहेब टेम्पो घेऊन आले. मी त्यांना त्या टाकीपुढे उभं केलं. त्यांनी वाकून पाहिलं, पिल्लं दिसली हेही कबूल केलं, आणि म्हणाले, "इथं पिल्लं होत नाहीत, असा अहवाल गेलेला आहे. मोठे मासे काढा आणि पाणी ओता."

"तुमच्या हातानं ओता, साहेब," मी म्हटलं. "माह्या हातानं होनार नाई."

त्यांनी ड्रायव्हरला खूण केली. पाणी फरशीवर पसरलं. म्हातारी बाई खाली बसून ओल्या बोटानं पिल्लं टिपू लागली. पिल्लं इतकी लहान होती, की एकही तिच्या बोटाला लागेना.