चाकाला ब्रेक, डोक्यावर उशी

"सगळ्यात आधी कोण पळालं?" हा आमच्या घरातला ठरलेला प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मी होते. भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांची. रेणापूरजवळच्या खेड्यात आमचं दगडमातीचं घर, वर माळवद, म्हणजे लाकडांवर हातभर माती टाकलेलं छत. पहाटे जमीन गुरगुरली तशी मी उठले आणि उंबरा ओलांडून थेट लिंबाखाली. शेजारी गोधडीत सहा वर्षांचा भाऊ झोपला होता. त्याला हलवायचं मला सुचलंच नाही. वडिलांनी त्याला गोधडीसकट बाहेर आणलं आणि मागे भिंत बसली. घरातले सगळे वाचले, म्हणून पुढे या गोष्टीवर हसता आलं.

भाऊ तर हसायचाच. दिवाळीत, बारशात, माझ्या लग्नाच्या मांडवातसुद्धा. "लई जपून ऱ्हावा दाजी, आमची अक्का सोडून पळती," असं त्यानं माझ्या नवऱ्याला सर्वांदेखत सांगितलं. मांडव हसला, मीही हसले आणि आतून जळले. जळले, कारण ते खरं होतं.

लातूरच्या एका क्लासमध्ये मी जीवशास्त्र शिकवायची, लग्नानंतर नांदेडलाही तेच. गावोगावची पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन खोल्या शोधत यायची. घराघरात खानावळ निघाली होती आणि गल्लीत क्लासच्या पाट्यांना जागा उरली नव्हती. रोज सराव परीक्षा. चुकलेला प्रश्न पुन्हा सोडवायचा, येईपर्यंत सोडवायचा. "एकदा चुकलं तर लाज नाही, तेच दुसऱ्यांदा चुकलं तर लाज," असं मी पोरांना ठणकावून सांगायची. माझा स्वतःचा प्रश्न दुसऱ्यांदा आला नव्हता, म्हणून ही मिजास.

मग नवऱ्याला कंपनीनं वर्षभरासाठी जपानला पाठवलं आणि मी बरोबर गेले. भाषा येईना, नोकरी करता येईना, घर दोन खोल्यांचं. रिकामं बसणं माझ्या रक्तात नाही. जवळच एक वृद्धाश्रम होता, तिथं स्वयंसेवक घेतात असं कळलं आणि मी जाऊन उभी राहिले. टॉवेलांच्या घड्या घालायच्या, चहा द्यायचा आणि व्हीलचेअरवरच्या एका आजींना सांभाळायचं. आजी जुन्या शाळामास्तरीण. मी त्यांच्याशी मराठीत बोलायची, त्या मला जपानीत रागवायच्या. आमचं छान जमलं.

पंधरा दिवसांनी तिथं भूकंपाचा सराव होता. आधी कागद दिला होता म्हणे, पण तो वाचणार कोण? मी आजींची खुर्ची ढकलत होते आणि भोंगा वाजला. भानावर आले तेव्हा मी बाहेर, गाड्या लावायच्या जागेत उभी होते. खांद्यावर टॉवेल, पायात घरातल्या सपाता. काचेतून आतलं सगळं दिसत होतं. म्हातारी माणसं शिस्तीत टेबलांखाली बसली होती, ज्यांना वाकता येत नव्हतं ती डोक्यावर उशी धरून होती. आणि माझ्या आजी एकट्याच, व्हीलचेअरसाठी केलेल्या आतल्या उतारावरून खुर्चीसकट सावकाश घरंगळत चालल्या होत्या. एका नर्सनं धावत जाऊन खुर्ची धरली.

तिथल्या मुख्य बाईंनी फोनवर भाषांतर करून विचारलं, "तुमच्या देशात पळतात का?" मी माळवदाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिथं तुम्ही बरोबर केलंत. इथली इमारत उभी राहते, पळणारा माणूस पडतो." रागवल्या असत्या तर बरं झालं असतं. आजींना दुसऱ्या कुणाकडे देऊ, असंही त्या सुचवू लागल्या. तेव्हा आजींनी मान हलवली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. हीच पाहिजे.

दुसऱ्या दिवसापासून आजींनी माझा क्लास घेतला. त्यांनी खुर्चीच्या हातावर तीन टिचक्या मारल्या की मी चाकाला ब्रेक लावायचा, त्यांच्या डोक्यावर उशी धरायची आणि वरून वाकायचं. चहा ओतताना टिचक्या, बागेत टिचक्या, एकदा तर न्हाणीघराच्या दारात. जमलं की वहीत लाल पेन्सिलीनं गोल काढायच्या, तिथं बरोबर उत्तराला गोल काढतात. उशीर झाला की पुन्हा. लातूरच्या माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांचे शाप मला एकदमच लागले होते.

वही गोलांनी भरत आली तरी माझी धास्ती जाईना. टिचक्या वेगळ्या आणि जमीन हलणं वेगळं. खरंच हलली तर या बाईला टाकून मी पुन्हा पळणार का, हे मला माहीत नव्हतं आणि ते कुणाला विचारताही येत नव्हतं.

एके दिवशी दुपारी जेवणाच्या वेळी ती हलली. आधी वाटीतलं सूप थरथरलं, मग दिवे झुलायला लागले, आणि मग तोच आवाज आला. लहानपणानंतर मी तो ऐकला नव्हता, पण अंगानं ओळखला. दार उघडं होतं, सहा पावलांवर. माझं तोंड दाराकडे वळलं होतं, हे मी कबूल करते. पण तोवर हाताने ब्रेक लावला होता. मग उशी. मग मी आजींवर ओणवी झाले आणि मराठीत ओरडत राहिले, "मी हाय आजी, मी हाय!"

थांबलं तेव्हा सूप माझ्या पाठीवरून ओघळत होतं. आजींनी खालून माझ्या मनगटावर तीन टिचक्या मारल्या. मग पेन्सिल काढली आणि वहीत नाही, माझ्या तळहातावर भला मोठा गोल काढला. मी भोकाड पसरून रडले आणि रडता रडता हसले. बोर्डात आलेल्या पोरालाही इतका आनंद झाला नसेल.

भावाला लगेच फोन केला. "मी पळाले नाही रे!"

"व्हय? हालली तरी किती असंल," तो म्हणाला. मी फोन आपटला.

परत आल्यावर लातूरला भावानं काढलेली अभ्यासिका बघायला गेले. चार मजले, पोरांनी भरलेले, आणि जिना एकच, तोही अरुंद. सगळी एकदम पळाली तर भूकंपाआधी जिनाच जीव घेईल. मी सराव घेते म्हणाले. "अक्का, पोरं डॉक्टर व्हायला आल्यात, कवायतीला न्हाई," असं म्हणून तो हसला. मी त्याचं ऐकते थोडीच! तो गावाला गेला होता त्या रविवारी पोरांना सगळं शिकवून टाकलं.

नंतर एका सकाळी, तो तळमजल्यावर दाराजवळच्या टेबलाशी माझ्या शेजारी बसलेला असताना, न सांगता मी स्टीलचं ताट बडवलं. पोरं सटासट टेबलांखाली गेली. भाऊ मात्र अनवाणी थेट रस्त्यावर.

सगळ्यात आधी कोण पळालं? इतकी वर्षं या संधीची वाट बघितली होती. प्रश्न ओठावर घेऊनच मी बाहेर गेले. तो विजेच्या खांबाला धरून उभा होता, चेहरा पांढराफटक.

"अक्का, तू आतच व्हतीस," तो म्हणाला. "माझ्या बाजूलाच व्हतीस. मी बघितलं बी न्हाई."

प्रश्न ओठावरच विरला. माझा धाकटा भाऊ होता तो, आणि त्याला काय वाटत होतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"मी तरी कुठं बघितलं होतं," मी म्हणाले. "चल, पुन्हा घेऊ."

दुसऱ्या वेळी एका पोरीनं ताट वाजवलं. सुटलेलं पोट सावरत तो माझ्याबरोबर टेबलाखाली शिरला आणि स्वतःचं डोकं विसरून माझ्या डोक्यावर हात धरून बसला. पोरं फिदीफिदी हसत होती. मी त्याच्या खिशातला लाल पेन काढला, तो हात खाली ओढला आणि त्याच्या तळहातावर गोल काढला.