विटांवरची जीप

माझी जीप पहिल्याच दिवशी पास झाली होती. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

जीप जुनी, तेलंगणातून घेतलेली. परराज्यातली गाडी म्हटली की तिकडचा नाहरकत दाखला आणायचा, इकडचा टॅक्स भरायचा आणि गाडी चंद्रपूरला आरटीओत तपासणीला उभी करायची. त्याशिवाय महाराष्ट्राचा नंबर मिळत नाही. कागद माझे चोख होते. टायर मात्र पार गुळगुळीत. आमच्या ब्रह्मपुरीत त्यावर जुना उपाय आहे. पासिंगपुरते कुणाचे तरी चांगले टायर मागून आणायचे.

शेजारच्या भाऊंकडे तशीच जीप होती. जन्मभर सवाऱ्या वाहिलेले भाऊ बायको गेल्यापासून एकटेच राहत. त्यांनी आपली जीप विटांवर चढवली आणि चारही टायर काढून दिले.

"बारशाच्या आत वापस करजो गा," एवढंच म्हणाले. मुलचेऱ्याला दिलेल्या लेकीला मुलगा झाला होता. नातवासाठी त्यांनी सागवानी पाळणा करवून घेतला होता, आणि तो आपल्याच जीपनं आणीन, असं लेकीला कबूल केलं होतं.

आरटीओतल्या साहेबांनी चेसिस नंबर ताडून पाहिला, दिवे लावायला लावले, टायरवर अंगठा फिरवला आणि सही केली.

संध्याकाळी भाऊ आले. "झालं का पासिंग?"

मी कॉलेजातला कारकून. बायको-मुलगी नागपूरला, फोन आला तर रविवारी. माझ्या दाराशी कुणी येऊन किती महिने झाले होते कोण जाणे. मी म्हणालो, "नाई भाऊ. साहेबानं पुन्हा बोलावलं."

ते बसले, चहा घेतला. "तू सोता बाबू, अन् तुलेच बाबू फिरवून राह्यले!" म्हणत खोकला लागेपर्यंत हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मग रोजच. आज काय सांगायचं ते मी दुपारपासून ऑफिसात जुळवत असे. दाखल्याची खातरजमा व्हायची आहे. साहेब रजेवर आहेत. नवी नंबरप्लेट आली, ती मी तांदळाच्या कोठीत दडवली आणि जुन्याच नंबरावर फिरत राहिलो. टायर परत केले की भाऊ लेकीकडे जाणार. मग संध्याकाळी कोण येणार?

बारसं तोंडावर आलं तेव्हा ते म्हणाले, "टायर राहू दे. तुह्याच जीपनं पोहोचवून दे पाळणा."

"पासिंग नाई, भाऊ. नाक्यावर अडवतीन."

त्यांनी रिकामा कप बशीत ठेवला. उठताना म्हणाले, "त्या साहेबाले म्हण, पोट्टं शाळेत जाईल तवा पास करजो."

सकाळी मी त्यांच्याबरोबर एसटी स्टँडवर गेलो. पाळणा कंडक्टरनं चढवू दिला नाही. तो मीच परत आणून त्यांच्या जीपमध्ये ठेवला.

भाऊ तसेच लेकीकडे गेले आणि तिकडेच राहिले. नातू आता चालतो. मधूनमधून त्यांचा फोन येतो, "झालं का गा?" मी नाई म्हणतो. सांगितलं तर फोनही थांबेल.

त्यांचे चार टायर आणि पाळणा मला अजून पोहोचते करायचे आहेत. आणि पासिंग पहिल्याच दिवशी झालं होतं, हे त्यांना सांगणंही अजून माझ्याकडून बाकी आहे.