स्कॉटलंडच्या खासदाराच्या आईची ओटी

"माझ्या आईने कुणाकडूनही काहीही घेतलेलं नाही," असं माझी मुलगी टीव्हीवाल्यांना सांगत होती, तेव्हा ती साडी माझ्या कपाटात होती.

दुपारचे साडेतीन वाजले होते. तिकडे सकाळ होती. ती आपल्या ऑफिसच्या दारात उभी होती, तोंडासमोर पाच-सात माइक. मी सुनेच्या मोबाइलवर बघत होते. मी चौथीपर्यंत शिकले, इंग्रजी मला येत नाही. सून एकेक वाक्य मराठीत सांगत होती. हे वाक्य सांगून ती म्हणाली, "ताई कसं ठणकावून बोलल्या बघा." मी चहाचा कप खाली ठेवला. आदल्या दिवशीच मुलीने मला फोनवर विचारलं होतं, त्या कारखानेवाल्यांच्या घरून तुला काही आलं होतं का? मी नाही म्हटलं होतं.

माझी मुलगी स्कॉटलंडमधून लंडनच्या संसदेत निवडून गेलेली खासदार होती. रायपूरला तिने औषधांची पदवी घेतली आणि लग्न होऊन तिकडे गेली. जावई जहाजदुरुस्तीच्या कामात. ती दवाखान्यात औषधं द्यायची. तिथल्या नर्सांच्या पगारासाठी भांडली, मग नगरपालिकेत गेली, मग संसदेत. तिकडे मतं मागायला घरोघर जाऊन दार वाजवावं लागतं. पावसात, थंडीत तिने वाजवली. माझे यजमान रेल्वेत होते. जन्मभर त्यांनी साहेबाला उलट उत्तर दिलं नाही. ही कुणावर गेली कोण जाणे. माझ्यावर गेली असेल.

भांडणं तिच्या मागे पहिल्या दिवसापासून होती. शपथ तिने इंग्रजीबरोबर स्कॉटलंडच्या जुन्या बोलीतही घेतली. आमच्याहून जास्त आमची होऊन दाखवते, असं काही लोक म्हणाले. मी विचारलं, मराठीत काहून नाही घेतली? ती म्हणाली, तशी परवानगी नाही. पुढे तिच्या गावच्या दवाखान्यातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद करायचं ठरलं, तर ती स्वतःच्याच पक्षाच्या विरोधात मत देऊन आली. पक्षातले लोक कितीतरी दिवस तिच्याशी बोलत नव्हते. एकदा बाजारात कुणीतरी तिला अंडं मारलं. फोनवर मी विचारलं, कच्चं होतं का उकडलेलं? ती खूप हसली. तिचं तसं हसणं मी त्यानंतर ऐकलेलं नाही.

ती दूर होती, पण संसद चालू असली की मला दिसायची. हिरव्या गाद्यांच्या बाकांवर, मागून दुसऱ्या ओळीत. सून मोबाइल लावून द्यायची आणि मी भाजी निवडत बघत बसायची. ती बोलत नसली तरी चालायचं. केस बांधलेत की मोकळे आहेत, बारीक झाली का, एवढं कळायचं. दर हिवाळ्यात ती दहा दिवस घरी यायची. बाकीचं वर्ष माझं त्या बाकांवर निघायचं.

आता साडीचं सांगते.

तिच्या गावातली कागदाची गिरणी बंद पडली होती. अभनपूरच्या रस्त्याला ज्यांचा कारखाना आहे असे आपल्या रायपूरचे एक शेठ ती गिरणी विकत घ्यायला तयार होते. मुलगी संसदेत त्याबद्दल दोनदा बोलली आणि शेठना मंत्र्यांकडे घेऊनही गेली. गावातल्या लोकांना काम मिळावं एवढंच तिच्या डोक्यात होतं. शेठच्या बायकोने माझ्या घरी जावं, असं तिने कधी सुचवलं नव्हतं. तिला त्याचा पत्ताही नव्हता.

संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाचे दिवस होते. सून नवा रायपूरला ऑफिसात गेली होती, मुलगा ड्यूटीवर. मी एकटी होते. शेठची बायको आली. आपल्यातलीच, मराठी, जुन्या घराण्यातली. चहा झाला, मुलीची विचारपूस झाली. मग तिने पिशवीतून नारळ काढला, तांदूळ, खण, सदर बाजारातल्या दुकानाच्या डब्यातली रेशमी साडी आणि चांदीचा करंडा.

मी म्हटलं, "मी विधवा आहे, बाई."

ती म्हणाली, "काकू, ते आता कोण मानतं? करा पदर पुढे."

यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षांत माझी ओटी कुणी भरली नव्हती. आमच्या महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला मी मागे बसून तिळगुळाच्या पुड्या बांधायची. एका वर्षी एक विधवा बाई पुढच्या ओळीत बसली, तर तिला उठायला मीच सांगितलं होतं. चारचौघींत सांगितलं होतं. ती बाई पुन्हा मंडळात आली नाही.

आणि मी पदर पुढे केला. कुणी बघत नव्हतं म्हणून केला.

तिने ओटी भरली, कुंकू लावलं, शेजारी बसून मोबाइलवर फोटो काढला. काढू दिला मी. त्या बाईच्या मनात काय होतं हे मला आजही माहीत नाही. चांगलंही असेल. ती गेल्यावर मी कुंकू पुसलं, नारळ देवापुढे ठेवला, साडी आणि करंडा जुन्या चादरींखाली दडवला. घरात कुणाला सांगितलं नाही.

महिनाभराने तिकडच्या पेपरात बातमी आली की ही खासदार शेठसाठी संसदेत बोलते आणि शेठ हिच्या घरच्यांना भेटवस्तू देतात. तिकडे खासदाराने घेतलेली प्रत्येक वस्तू सरकारी वहीत लिहून द्यावी लागते, घरच्यांना मिळालेलीही दाखवावी लागते. तिने वहीत काही लिहिलेलं नव्हतं, कारण तिला काही माहीत नव्हतं. म्हणून तिने मला विचारलं. मी नाही म्हटल्यावर तिने दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही.

त्या दुपारी मुलीचं टीव्हीवरचं बोलणं संपलं आणि मोबाइल बंद करून सून उठत होती. मी म्हटलं, बस. आणि तिला सगळं सांगितलं. मंडळातल्या त्या बाईचंही सांगितलं. सून घाबरली की हिंदीत बोलते.

"अरे आई, मुझे तो बोल देतीं." मग म्हणाली, "मी भरली असती ना तुमची ओटी."

मी म्हटलं, आधी फोन लाव.

तिकडे फोन ऑफिसातल्या कुणीतरी उचलला. सुनेने इंग्रजीत विनवणी केली तेव्हा कुठे मुलगी आली.

"घेतली मी," मी म्हटलं.

"काय घेतलं?"

"ओटी. साडी होती त्यात. चांदीचा करंडाही."

मागे कुणाची तरी खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मग काल मले नाही काहून म्हटलं, आई?"

"लाज वाटली."

"साडीची?"

"ओटीची."

तिला कळलं. ती माझी मुलगी आहे, मंडळातलं तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "बरं. आता तू कोणाशी बोलू नको. मी जाऊन सांगतो त्यायले." तिकडे राहून इतकी वर्षं झाली तरी माझ्याशी बोलताना ती रायपूरचीच बोलायची.

तासाभरात ती पुन्हा त्याच दारात उभी राहिली. मघाशी बोलले ते चूक होतं, म्हणाली. आईला भेट मिळाली आहे, मी नीट चौकशी न करता बोलले, दोष माझा आहे. आई खोटं बोलली, हे तिने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. मी पदर धरून बसलेली, कपाळावर कुंकू, तोंडावर हसू. फोटो येण्याआधी तिने कबूल केलं होतं, हे कुणी धरलं नाही. पकडली गेली म्हणून बोलली, असंच सगळे म्हणाले.

साडी आणि करंडा मुलाने शेठच्या घरी परत नेऊन दिला.

जावयाने नंतर सांगितलं की पक्षातले लोक तिच्या मागे लागले होते. ही ओटी म्हणजे काय ते लोकांना समजावून सांग, म्हणायचे. विधवा आई, नऊ वर्षं तिला कुणी पुढे बसवलं नाही, हे ऐकून लोक विरघळतील, मतं फिरतील. ती म्हणाली, माझ्या आईच्या ओटीची गोष्ट पेपरात छापायची नाही. पक्षाने तिचं पक्षातलं पद काढून घेतलं. चौकशी झाली, काही दिवस संसदेत बसायला बंदी झाली. गिरणी शेठने घेतली नाही, ती आजही बंद आहे. पुढच्या निवडणुकीत तिच्याच गावाने तिला पाडलं.

ती बोलली नाही, म्हणून मी लिहिते आहे. लिहू का, असं तिला विचारलं. आधी तिने मनाई केली. मग म्हणाली, नावं घालू नको. घातली नाहीत.

निकालाच्या दिवशी मी तिला म्हटलं, आता तिकडे काय ठेवलंय, घरी ये. ती म्हणाली, येईन, आधी ऑफिस रिकामं करते. त्याला पाच हिवाळे झाले. ती आली नाही. पुन्हा दवाखान्यात औषधं देते, रजा मिळत नाही म्हणते. खरंही असेल. दर रविवारी फोन करते. माझ्या गुडघ्याचं विचारते, रायपूरला ऊन किती आहे ते विचारते. रागावलीस का, असं मी एकदाच विचारलं. ती म्हणाली, "नाही आई. पण तू काही म्हटलं की मले ते खरं वाटत नाही आता." कुठली गोष्ट, ते मी विचारलं नाही.

कधी कधी सुनेला संसद लावायला सांगते. मागून दुसऱ्या ओळीत आता एक टक्कल पडलेला माणूस बसतो. मी थोडा वेळ बघते आणि बंद कर म्हणते. मंडळातल्या त्या बाईच्या घरी मी गेले होते. तिने दार उघडलं, पाणी दिलं. मी माफी मागितली. ती म्हणाली, उशीर झाला. खरं होतं ते. मी पाणी पिऊन परत आले.

माझी मुलगी आता त्रेपन्न वर्षांची आहे, मी अठ्ठ्याहत्तर. ती ओटी आम्हा दोघींना भोवली.