अंटार्क्टिकातली दाढ आणि आमच्या अक्का

मंगळवारी दुपारी शुक्रवार पेठेतल्या माझ्या दातांच्या क्लिनिकमध्ये बसून मी अंटार्क्टिकातल्या माणसाची दाढ काढली! म्हणजे मी काढलीच नाही... पण थांबा, सांगते. (प्रशांतला विचारूनच लिहितेय.)

प्रशांत माझा शाळेपासूनचा मित्र. सध्या तिथल्या एका संशोधन केंद्रावर वर्षभरासाठी डॉक्टर म्हणून गेलाय. वीसेक माणसं, डॉक्टर हा एकटाच, बाहेर नजर जाईल तिथं बर्फ...

आणि नेमकी डॉक्टरचीच दाढ दुखायला लागली. वरची दाढ, मुळाशी पू. औषधं चालू होती, तरी सूज डोळ्याकडे चढत होती. ऐन हिवाळ्यात तिथं विमान जात नाही. स्वतःची दाढ स्वतः कशी काढणार?

शेवटी ठरलं, जनरेटर सांभाळणारा मेकॅनिक सुरेश दाढ काढणार आणि मी व्हिडिओ कॉलवरून सांगणार. सुरेश नाशिकचा, त्यामुळं बोलायची अडचण नव्हती. दोन दिवस सकाळी घरूनच त्याची प्रॅक्टिस घेतली. इंजेक्शन बटाट्यावर शिकला. पक्कड कशी धरायची, हे त्याला मी काय शिकवणार!

मंगळवारी भूल छान चढली. सुरेशनं पक्कड लावली, जोर केला... दाढ हलेना. मी इकडून ओरडतेय, "वर दाब, मग गालाकडे झुकव!" आणि माझा आवाज तिकडे दोन सेकंदांनी पोचतोय.

सुरेशच्या कपाळावर घाम. "मॅडम, नाही होणार माझ्याच्यानं," तो म्हणाला. मी त्याला थांबायला सांगितलं. दाढ आत तुटली असती तर...

तेवढ्यात मागून आमच्या महादेवी अक्का पुढं आल्या. अक्कलकोटकडच्या, अठरा वर्षं माझ्या क्लिनिकमध्ये मदतीला आहेत.

"म्याडम, डोकं कुणी धरलंय त्यांचं?"

मी स्क्रीनकडे बघितलं. कुणीच नाही! पक्कड हलली की प्रशांतचं अख्खं डोकं हलत होतं. इथं पेशंटचं डोकं कायम अक्का धरतात... त्यामुळं ते काम आहे, हेच माझ्या लक्षात नव्हतं.

अक्कांनी सरळ फोन हातात घेतला. "दादा, आणिक एकाला बोलवा की. मागं उभारून दोनी हातानं डोकं पोटाशी घट धरू दे. तुमी लई जोर करू नका, सावकाश हलवत ऱ्हावा."

तिथला कुक ॲप्रनसकट धावत आला. त्यानं डोकं धरलं, सुरेशनं पक्कड धरली... पाच-सात मिनिटं तो सावकाश हलवत राहिला. आणि दाढ बाहेर! मुळासकट, अख्खी! तिकडे आरडाओरडा, इकडे आरडाओरडा, बाहेर बसलेले पेशंट आत डोकावायला लागले.

आता सूज उतरलीय. काल प्रशांत पोटभर जेवला.

कॉल बंद झाल्यावर अक्कांनी विचारलं, "कुटं असत्यात हे दादा? नाशिकला व्हय?"

मी मोबाईलवर पृथ्वीचा गोल फिरवून अगदी तळाचा पांढरा भाग दाखवला. अक्का मटकन स्टुलावर बसल्या.

"अगा बया... आधी म्हाईत असतं तर त्वांडच उघडलं नसतं की मी!"

बरं झालं, मी आधी सांगितलं नव्हतं... थँक्यू, अक्का!