सासूबाईंचा टाक आणि हवेतले खड्डे

नोकरीपायी म्हैसूर-हैदराबाद विमानाच्या मी इतक्या खेपा केल्या आहेत की त्यातल्या हवाई सुंदऱ्या मला आता ओळखीचं हसतात. तरी ते पंख्याचं छोटं विमान हवेत गचके खाऊ लागलं की माझं सगळं शहाणपण खाली म्हैसूरच्या मंडकळ्ळी विमानतळावरच राहतं. पायलट कंटाळलेल्या आवाजात पट्टे बांधायला सांगतो, शेजारचा माणूस घोरत राहतो, आणि मला मात्र कपाटाची किल्ली कुठे ठेवलीय ते नवऱ्याला सांगायचं राहिलं, हे आठवतं. फक्त एकदाच असं झालं नाही. त्या दिवशी शेजारी सासूबाई होत्या.

माझं सासर म्हैसूरचं जुनं मराठी घर. एके काळी मंडी मोहल्ल्यात या लोकांचा कापड रंगवायचा धंदा होता. आता त्या घरात रंगवायचे म्हणून फक्त केस उरलेत. बोलणं मराठीच, पण दर चौथा शब्द कानडी. मी सांगलीहून नोकरीला आले आणि याच घरातल्या मुलाशी लग्न केलं. मी त्यांच्या समाजातली नाही. त्याबद्दल मला कुणी कधी वाकडं बोललं नाही, हे कबूल करायला हवं. फक्त एक गोष्ट झाली नाही. कुळाच्या देवीचा चांदीचा टाक घरात आलेल्या सुनेच्या ओटीत घालायची रीत आहे. तो घातला की ती घरची झाली, देवीचं तिनं करायचं. माझ्या लग्नात ते राहिलं. पुढच्या वर्षी बघू म्हणाले, आणि पुढचं वर्ष काही उगवलं नाही.

मला देवीची फार ओढ होती असं नाही. संध्याकाळी दिवा लावायचंही मी विसरते. पण नवरात्रात सगळ्यांसाठी पुरण वाटायचं मी, आणि देवघराच्या उंबऱ्याशी थांबायचंही मीच. ते दर वर्षी लागायचं.

मग सासूबाईंचे गुडघे गेले. आता आपल्याच्यानं होत नाही, टाक धाकटीला देऊन टाकते, असं त्यांनी ठरवलं. माझी धाकटी जाऊ हैदराबादची, पण त्यांच्याच समाजातली. ती सासूबाईंना न्यायला आली. टाक तिच्या घरी जाऊन द्यायचा होता; परतताना सासूबाईंना सोबत हवी आणि नवऱ्याला रजा नाही, म्हणून मीही निघाले. स्वतःच्या डावलण्याला स्वतःच तिकीट काढून जाणारी मीच, असं मनात म्हटलं आणि बॅग भरली.

टाक पितळी डबीत, डबी रेशमी फडक्यात. देवी हातात आहे तोवर पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, असा सासूबाईंचा नेम. सकाळपासून कडकडीत उपास. तपासणीच्या यंत्रात जोड्यांच्या ट्रेमागून डबी गेली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. विमानात हवाई सुंदरीनं ती समोरच्या सीटखाली ठेवायला सांगितलं, तर त्या म्हणाल्या, पायाशी देवी ठेवू का? तिला भाषा कळली नाही, चेहरा कळला. सासूबाईंनी डबी पदराखाली घेतली आणि तिनं ती न पाहिल्यासारखं केलं.

मी खिडकीशी, मध्ये सासूबाई, आणि वाटेच्या पलीकडच्या सीटवर जाऊ. अर्धा तास बरा गेला. मग ढग आले आणि विमान एकदम खाली गेलं. पोट वर आणि आपण खाली, असं होतं ना, तसं. वरच्या कप्प्यांची दारं खडखडली, मागे कुणाचं तरी बाळ रडू लागलं. रिकाम्या पोटी बसलेल्या सासूबाईंचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांना ओकारी येत होती. कागदी पिशवी धरायला दोन्ही हात हवे होते आणि हातात डबी.

“अत्ते, इकडे द्या,” सासूला कानडीत हाक मारत जावेनं वाटेवरून हात लांबवला. पट्टा ताणून ती अगदी जवळ आली होती. माझाही हात पुढे झाला होता. का, ते ठाऊक नाही. पडणारी वस्तू धरायला होतो तसाच तो झाला असेल.

सासूबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग डबी माझ्या मांडीवर ठेवली.

“सुम्ने धर,” म्हणाल्या. सुम्ने म्हणजे गप्प, उगीच बोलू नको.

मी धरली. माझ्या बोटांना दाण्यांच्या पाकिटातलं मीठ लागलेलं होतं. विमान कितीतरी वेळ असंच आदळत राहिलं, पण ते पडेल असं मला एकदाही वाटलं नाही. डबी पडेल एवढीच धास्ती होती. उतरल्यावर मी ती परत दिली. त्यांनी ती पुन्हा पदराखाली घेतली. माझं मन जरा खट्टू झालं.

जावेच्या घरी सगळी तयारी होती. पाट, भोवती रांगोळी, नारळ, खण. जाऊ नवी साडी नेसून, वर थंडीची शाल घेऊन पाटाशी उभी राहिली. सासूबाई खुर्चीवर बसल्या, डबी उघडली आणि म्हणाल्या, “थोरले, तू बस पाटावर.”

मग जाऊच हळू आवाजात म्हणाली, विमानात तुम्हाला मळमळत होतं अत्ते, म्हणून तिच्याकडे दिलीत, ते काही देणं नव्हे. बिचारी खरंच बोलत होती. मलाही तेच वाटत होतं.

“ओकारी येत होती खरं,” सासूबाई म्हणाल्या. “पण हात दोघींचे दिसत होते मला.”

मी पाटावर बसले. अंगात प्रवासातलीच जीन्स, टाक ओटीत घ्यायचा तर पसरायला पदर नाही. माझे डोळे भरून आले होते. जावेनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, खांद्यावरची शाल काढली आणि खाली बसून माझ्या मांडीवर पसरली.