डावखुरी गाठ

बांध्याला खरं नाव विचारलं असतं, तर त्यालाही क्षणभर आठवावं लागलं असतं. लोकांची घरं हलवण्याच्या धंद्यात त्याची एकवीस वर्षं गेली होती. कपबशी असो की कपाट, त्याच्या हातून गेलं की तडा न जाता पोचणार. त्याच हातांनी त्याने आदल्या दिवशी स्वतःचं घर बांधलं. सात खोकी, सातांवर दोरी. परदेशातल्या एका गोदामात तीन वर्षांची नोकरी मिळाली होती; बायको आणि दहा वर्षांची लेक सोबत येणार होत्या. पगार बरा होता, हे लोकांना सांगायचं कारण. खरं म्हणजे खिडकीजवळच्या आप्पांच्या खुर्चीकडे त्याला बघवत नव्हतं.

आप्पा म्हणजे त्याचे वडील. तेही याच धंद्यातले, आणि डावखुरे. त्यांची गाठ उलटी बसायची. भल्याभल्यांना ती सुटत नसे आणि आप्पा एका झटक्यात मोकळी करायचे. "शिकून घे रे," ते म्हणत. बांध्या सुरी काढून दोरी कापायचा. वेळ कुणाला होता!

सात महिन्यांपूर्वी एका दुपारी बायकोचा फोन आला. आप्पांचं काही खरं दिसत नाही, असाल तसे या. बांध्या तेव्हा चौथ्या मजल्यावरून कुणाचा तरी पियानो उतरवत होता. "एवढा ट्रक भरतो आणि निघतोच," तो म्हणाला. ट्रक नीट भरला, एक ओरखडा उठला नाही. तो घरी पोचला तेव्हा आप्पांना जाऊन अर्धा तास झाला होता. "झोपेतच गेले," बायको म्हणाली. "त्यांना काही कळलंसुद्धा नाही." या एका वाक्यावर बांध्याचे सात महिने निभावले होते. तरी रिकाम्या खुर्चीतून आप्पांचा खोकला ऐकू यायचा तो यायचाच.

विमानतळावर तो एकेक खोकं काट्यावर चढवत होता. सहावं उचलताना दोरीवर नजर गेली. गाठ उलटी होती.

"अगं, हे कुणी बांधलं?"

"तुम्हीच की! दुसऱ्या कुणाला हात तरी लावू देता का सामानाला?" बायको म्हणाली. लेक खाली वाकून बुटाची लेस बांधत होती. काउंटरवरच्या बाईने चिठ्ठी डकवली, पट्टा सरकला आणि खोकं रबरी पडद्याआड गेलं.

नऊ तासांच्या प्रवासात त्याने जेवणाचा डबा उघडलाच नाही. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. आधी दोनदा छोटं, मग एकदा लांब, अगदी त्याच सुरात. त्याने दचकून मागे पाहिलं, तर एक बाई पाण्याचा पेला शोधत होती.

"विमानाची भीती वाटते की काय?" बायकोने विचारलं.

"हो," तो म्हणाला. घर सोडलं, देश सोडला, आणि म्हातारा सामानात बसून बरोबर आला, हे तिला कोणत्या तोंडाने सांगणार?

उतरल्यावर सहा खोकी भराभर आली. ते मात्र सगळ्यात शेवटी, एकटंच फिरत आलं.

भाड्याचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. भिंतींवर आधीच्या लोकांच्या खिळ्यांची भोकं, करडा गालिचा, आणि घरमालकाने ठेवलेली एकच खुर्ची, तीही नेमकी खिडकीजवळ. बांध्याने आधी ती भिंतीकडे तोंड करून फिरवली. मग पहिल्या खोक्यातून सुरी काढली आणि उलट्या गाठीच्या खोक्यासमोर बसला.

"बाबा, कापू नका," लेक म्हणाली. "मी बांधलंय ते. निघायच्या दिवशी सकाळी तुम्ही गाडी बघायला खाली गेलात ना, तेव्हा उघडलं होतं."

"तू? तुला कुणी शिकवलं?"

"आजोबांनी. त्या दुपारी."

"गप्प बस गं," बायको एकदम म्हणाली.

पण लेकीने डाव्या हाताने टोक ओढलं आणि गाठ अलगद सुटली. रजयांच्या घडीतून तिने एक जुनी दोरी बाहेर काढली. "आई टाकून देणार होती, म्हणून आत ठेवली."

दोरीभर गाठी होत्या. बांध्याने ती हातात घेतली. गाठ वाचायला त्याला शिकवावं लागत नव्हतं. पहिल्या चार आप्पांच्या, दगडासारख्या घट्ट. पाचवी सैल. सहावी त्याहून सैल. पुढच्या वेड्यावाकड्या, लहान बोटांच्या.

"आजोबा म्हणाले, बाबा येईपर्यंत आपण बांधत राहू. दाराकडेच बघत होते. मग त्यांचा हात दमला, म्हणून मी एकटीने बांधल्या."

बांध्याने बायकोकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. "तुम्हाला सोसलं नसतं हो," ती म्हणाली.

लेकीने दोरीचं टोक पुढे केलं. तिथे एक गाठ होती, ढिली, पण उलटी. "ही माझी नाही. शेवटी त्यांनी परत दोरी मागितली. म्हणाले, ही त्याच्यासाठी राहू दे, आला की सोडवेल."

त्याने ओढली. गाठ आणखी आवळली.

"डाव्या हाताने, बाबा. सावकाश. घाई केली की नाही सुटत."

बांध्याने सुरी बाजूला सारली, उजवा हात पाठीमागे नेला आणि डाव्या हाताने टोक चाचपू लागला.